मला पुरावा म्हणून नेलं

मित्रांनो, मी एक जुनं डायलिसिसचं मशीन आहे आणि सध्या कोर्टाच्या तळघरात राहतो. माझ्या एका बाजूला चोरीच्या मोटारसायकली आहेत. दुसऱ्या बाजूला निवडणुकीच्या पोस्टरांचे गठ्ठे आहेत, त्यांत उंदरांनी संसार थाटले आहेत. माझ्या पाठीवर लाल रंगाने एक क्रमांक लिहिला आहे. मी इथे कसा आलो ते तुम्हाला सांगतो. ऐकायला गोड वाटणार नाही, पण झालं ते असंच झालं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या नळ्या जोडल्या, माझ्या पंपाला तेल दिलं आणि पहिल्यांदा माझ्यातून मिठाचं पाणी फिरवलं. एका म्हाताऱ्या तपासनिसाने माझ्या पोटाला कान लावला आणि समाधानाने मान हलवली. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांचं रक्त आपल्या अंगातून फिरवायचं, गाळणीतून स्वच्छ करायचं आणि परत द्यायचं, एवढंच माझं काम. मला वाटलं होतं, मी तिथल्याच एखाद्या इस्पितळात जाईन.

पण त्या वर्षी दूर इजिप्तमध्ये लोक चौकात उतरले होते आणि वर्षानुवर्षं गादीवर बसलेला माणूस पायउतार झाला होता. निवडणुका येणार होत्या. धर्माच्या नावाने राजकारण करणारी जमात त्या जिंकणार, हे सगळ्या दूतावासांना दिसत होतं. आदल्या वर्षापर्यंत त्या जमातीच्या माणसांचे फोन कोणी उचलत नसे. आता त्यांच्याकडे चहाला जायची चढाओढ लागली. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून त्यांतल्या एका दूतावासाने मला विकत घेतलं. माझ्या छातीवर आपल्या देशाचा झेंडा आणि हातात हात मिळवलेलं चित्र चिकटवलं आणि मला जहाजात चढवलं.

मी उतरलो तो नाईलच्या मुखाकडच्या कफ्र अल-तूत नावाच्या गावात. तिथे मशिदीच्या मागे जमातीचा दवाखाना होता. डॉक्टर हिल्मी तो चालवत. जुन्या राजवटीत ते दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, त्यामुळे पाठीत थोडे वाकले होते. परिचारिकांची प्रमुख होती नेमत. सगळे तिला आब्ला नेमत म्हणत, म्हणजे आपल्याकडे नेमतताई म्हणावं तसं. तिने पहिल्याच दिवशी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "ये बाबा, इथे कामाला तोटा नाही."

खरंच नव्हता. त्या भागातल्या पाण्याने आणि शेतावरच्या औषधांनी घराघरात मूत्रपिंडं खाल्ली होती.

माझ्या उद्घाटनाला त्याच दूतावासातून मादाम एलिस आल्या. बातम्या वाचणाऱ्यांसारखं शुद्ध अरबी त्या बोलत. त्यांनी फीत कापली आणि म्हणाल्या, "आमची मैत्री माणसांशी नाही, लोकशाहीशी आहे."

डॉक्टर हिल्मींचे डोळे भरून आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली रौहिया शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या मुलाचं नाव लुत्फी, म्हणून सगळे तिला उम्म लुत्फी म्हणत. तिने शेजारी वाकून विचारलं, "उस्ताद, ही काय म्हणाली?"

उस्ताद वगदी शाळेत भूगोल शिकवत. ते ख्रिस्ती होते, आणि जमात त्यांना डोळ्यांसमोर नको असे. ते म्हणाले, "म्हणाली की उद्या तुमची माणसं पडली, तर ही तुम्हाला ओळख दाखवणार नाही."

"तुमच्या तोंडाला औषध नाही!"

"तोंडाला नाही, मूत्रपिंडालाही नाही. म्हणून तर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलोय."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. उम्म लुत्फी आणि उस्ताद आळीपाळीने माझ्याकडे येत. एकाची वेळ संपत आली की दुसरा येऊन बसे आणि दोघांची जुंपे. उम्म लुत्फीला खजूर आणि आंबा वर्ज्य होते. ती चोरून खाई.

"पुन्हा खाल्लात ना?" नेमत डोळे वटारी.

"एकच फोड, आब्ला. शेजारणीने हातात कोंबली."

"रोज शेजारीण कोंबते!" उस्ताद वर्तमानपत्रामागून म्हणत. "मरा मग आंबा खाऊन. तुमच्या जमातीचं एक मत कमी होईल."

"मी मेले तर तुमच्याशी भांडणार कोण? बायको तर बोलत नाही तुमच्याशी."

असं चाले. रक्त मात्र दोघांचंही सारखंच घाण होऊन माझ्याकडे येई आणि सारखंच स्वच्छ होऊन परत जाई.

मग जमात जिंकली. राष्ट्राध्यक्ष त्यांचा झाला. दवाखान्याच्या दारात रोषणाई लागली आणि माणसं बदलली. हाज सब्री नावाचा जमातीचा स्थानिक पुढारी येऊन खुर्ची ओढून बसू लागला. पूर्वी तो दारात चप्पल काढून यायचा. आता बूट घालून यायचा. एके दिवशी त्याने सासऱ्याला आणलं.

"डॉक्टर, यांना आजच बसवा."

"आज उस्ताद वगदींची पाळी आहे."

"त्या नसरानीची? त्याच्यासाठी चर्च आहे. वर्षानुवर्षं आपण मार खाल्ला डॉक्टर, आणि पहिली खुर्ची त्याला?"

डॉक्टर हिल्मींनी दोन तुरुंग सोसले होते, पण आपल्याच माणसाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. सासरा बसला. उस्ताद बाहेरच्या बाकावर थांबले आणि मग घरी गेले. दोन दिवसांनी त्यांना आणलं ते तोंडाने श्वास घेत, छातीत पाणी भरलेलं, ओठ निळे. नेमतने डॉक्टरांकडे असं पाहिलं की ते खोलीतून निघून गेले. उस्ताद वाचले. पण त्या दिवसापासून ते डॉक्टरांशी बोलले नाहीत.

या सगळ्या काळात मादाम एलिस मधूनमधून येत. नेमतने त्यांना ही गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "नव्या सरकारला थोडा वेळ दिला पाहिजे." आणि हाज सब्रीबरोबर माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

वर्ष उलटलं. वीज जायला लागली, पेट्रोलच्या रांगा लागल्या, लोक पुन्हा रस्त्यावर आले. उन्हाळ्यात एका संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर लष्कराचा सेनापती दिसला आणि जमातीचा राष्ट्राध्यक्ष दिसेनासा झाला. उस्ताद वगदींनी पुढच्या पाळीला बसबूसाचा डबा आणला. स्वतः त्यांना गोड चालत नव्हतं. त्यांनी तो सगळ्या खोलीत वाटला.

उम्म लुत्फीने वडी हातात घेतली नाही. ती म्हणाली, "उस्ताद, माझा लुत्फी राजधानीतल्या चौकात धरणं धरून बसलाय."

"तर मग त्याला बोलवा घरी. आता राज्य बदललं, जेवायच्या वेळाही बदलल्या."

लुत्फी घरी आला नाही. ऑगस्टात तो चौक रिकामा करण्यात आला. टीव्हीवर धूर दिसला, बुलडोझर दिसले, आणि मग नाचगाण्यांचा कार्यक्रम लागला. उम्म लुत्फी तीन शवागारं हिंडून आली. तिसऱ्यात तो होता. मृत्यूच्या दाखल्यावर आत्महत्या लिहिलं तरच प्रेत मिळेल असं तिला सांगितलं. तिने अंगठा उठवला. मग ती माझ्याकडे आली, कारण तिची पाळी होती. मित्रांनो, माणूस आपल्या मुलाला पुरून आला तरी त्याला मला सोडता येत नाही.

उस्ताद त्या दिवशी शेजारी बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. ते म्हणाले, "उम्म लुत्फी, मी तसं म्हणायला नको होतं."

"तुम्ही म्हणालात म्हणून नाही मेला तो," ती म्हणाली. "गप्प बसा. मला तुमची दया नको."

मादाम एलिसच्या देशाने चिंता व्यक्त केली. त्या देशात एक कायदा होता. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथलं, असं एकदा कागदावर लिहिलं की त्या लष्कराला मदत देता येत नसे. म्हणून त्यांनी जे घडलं त्याला नावच दिलं नाही. उस्तादांनी हे वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं आणि मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना खोकला आला.

"बघितलंत? मूल झालंय, पण बारसं करणार नाहीत. नाव ठेवलं तर खर्च वाढतो."

थोड्याच दिवसांत जमातीवर बंदी आली आणि तिच्या नावावर असलेलं सगळं गोठवलं गेलं. दवाखानाही त्यात आला. माझ्या गाळण्या परदेशातून येत, त्या बंदरात अडकल्या. डॉक्टर हिल्मींनी माझ्या शेजारी उभं राहूनच मादाम एलिसना फोन लावला. आठवडाभर त्या मीटिंगमध्ये होत्या. मग एकदा त्यांनी उचलला.

"मादाम, मला राजकारण नको. फक्त गाळण्या सोडवा. तुमच्या देशाचीच भेट आहे, तुमच्या शब्दावर बंदरातले लोक ऐकतील." डॉक्टर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "नाही, मी कोणाला मारलं नाही. हो, मी सभासद आहे. तुम्ही आलात तेव्हाही होतो." पलीकडून पुन्हा काहीतरी सांगितलं गेलं. "ठीक आहे. तुमचाही आभारी आहे."

फोन ठेवून ते नेमतला म्हणाले, "त्या म्हणतात, आत्ता आमच्याशी बोलणं योग्य दिसणार नाही."

"दिसणार नाही?" नेमत म्हणाली. "कोणाला?"

नेमत वापरलेल्या गाळण्या धुवून पुन्हा लावू लागली. प्रत्येकावर रुग्णाचं नाव लिहून ती त्या फडताळात मांडून ठेवी. पण गाळणी म्हणजे काही तवा नव्हे. चारपाच खेपांनंतर ती बुजते. माणसं सुजून येऊ लागली आणि सुजलेलीच परत जाऊ लागली. हाज सब्रीचा सासरा पहिला गेला. हाज सब्री तोवर सीमा ओलांडून पळाला होता.

अशात एक दिवस दूतावासाची गाडी दारात थांबली. नेमत धावत बाहेर गेली. तिला वाटलं, खोकी आली. गाडीतून एक नीटनेटका माणूस उतरला. त्याच्या हातात पातं आणि रसायनाची बाटली होती. उम्म लुत्फी तेव्हा माझ्या नळ्यांना जोडलेली होती. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, त्याने माझा फोटो काढला आणि छातीवरचं झेंड्याचं चित्र खरवडायला सुरुवात केली.

"हे काय करताय?" नेमत ओरडली.

"वरून सांगितलंय, आब्ला. जमातीच्या सामानावर आमचं चिन्ह राहता कामा नये. तिकडे संसदेत प्रश्न विचारतायत."

"आणि गाळण्या?"

"ते माझ्या खात्यात येत नाही."

"निदान हिचं होऊ द्या! पेशंट लावलेला आहे, मशीन हलतंय!"

"हलू दे, मला चालतं," तो म्हणाला. "गाडी थांबलीय."

उम्म लुत्फी त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "पोरा, तुझ्या आईचं मूत्रपिंड चांगलं आहे ना?"

त्याने कोपरा नीट खरवडला, पुन्हा फोटो काढला आणि गेला. माझ्या छातीवर एक फिकट चौकोन राहिला. मला दुखलं नाही, मी लोखंडाचा आहे. पण दान देणारा आपलं नाव परत न्यायला इतक्या लांब येतो आणि गाळणी द्यायला येत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

पुढच्या शुक्रवारी पोलीस आले. डॉक्टर हिल्मींना त्यांनी आधी नेलं. ते सवयीने हात मागे करून उभे राहिले, बेड्या घालायला सोपं पडावं म्हणून. मग एक तरुण अधिकारी माझ्या खोलीत आला. उम्म लुत्फीची पाळी अर्धी झाली होती.

"खोली रिकामी करा. सील लावायचं आहे."

"साहेब, हिचं रक्त मशीनमध्ये आहे," नेमत म्हणाली. "ते परत घालायला पाहिजे. थोडा वेळ द्या."

"आज मला अजून चार ठिकाणं सील करायची आहेत, बाई. नमाजाच्या आधी."

"दहा मिनिटं!"

"तुम्हा लोकांची दहा मिनिटं मला माहीत आहेत." त्याने वाकून माझी वायर भिंतीतून उपटली.

मी ओरडलो. वीज तुटली की माझ्या पोटातली घंटा वाजते. पंप थांबला. वीज गेल्यावर रक्त परत ढकलायला माझ्या अंगावर हाताने फिरवायचा एक दांडा असतो. नेमतने तो धरला आणि फिरवायला लागली. अधिकारी म्हणाला, "तो आवाज बंद करा आधी!" शिपायाने तिचं मनगट पकडलं. तिने दुसऱ्या हाताने दांडा धरला. त्याने तोही पकडला. उम्म लुत्फी खुर्चीत बसून स्वतःचं रक्त नळ्यांमध्ये काळं पडताना बघत होती.

"सोड, नेमत," ती म्हणाली. "सोड बाळे. तुझा हात मोडतील."

नेमतने तिची सुई काढली आणि जखमेवर कापूस दाबला. तिचं दीड पेला रक्त माझ्यात राहिलं. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त नव्हतं, तिचं दीड पेला. तिला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं. तिथे रांग होती. ती रांगेतच गेली. मला हे नंतर कळलं, नेमत कोर्टात शिपायाला सांगताना. मला मात्र तशाच नळ्यांसकट उचललं, ट्रकमध्ये घातलं आणि कोर्टात आणलं. धुतलं कोणीही नाही.

खटला उभा राहिला तेव्हा मला लिफ्टने वर नेऊन न्यायाधीशांच्या समोर ठेवलं. डॉक्टर हिल्मी पिंजऱ्यात होते. तीन दात कमी झाले होते. परदेशी मदत घेऊन बंदी घातलेल्या जमातीसाठी माणसं फितवली, असा आरोप होता, आणि त्याचा पुरावा मी होतो.

साक्षीला उस्ताद वगदी आले. ते इतके सुजले होते की मी त्यांना चालण्यावरून ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. वकिलाने विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून तुमची पाळी या आरोपीने दुसऱ्याला दिली होती?"

"हो."

हे खरं होतं. डॉक्टरांनी पिंजऱ्यात मान खाली घातली.

"आणि जमातीला पाठिंबा दिलात तरच रक्त धुवू, असं तो म्हणाला होता?"

लष्करी इस्पितळात चांगली मशीनं आहेत आणि तिथे त्यांच्यासाठी कायमची खुर्ची ठेवली आहे, असं उस्तादांना सकाळी सांगितलं गेलं होतं. दोन शिपाई माझ्याजवळ उभे राहून त्याचीच थट्टा करत होते. उस्तादांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी अगदी थोडी मान हलवली. बोला, अशी.

"हो," उस्ताद म्हणाले. "म्हणाला होता."

डॉक्टर हिल्मींना पंधरा वर्षं झाली. उस्तादांना खुर्ची मिळाली. ते अजून जिवंत आहेत, असं ऐकतो.

शेवटी न्यायाधीशांनी कागद आवरले आणि जाता जाता म्हणाले, "जप्त मुद्देमाल नष्ट करावा."

मागच्या बाकावरून नेमत उठली. "हुजूर, ते मशीन चांगलं आहे! नुसती नळी आणि गाळणी बदला, उद्या सकाळी चालू होईल. बाहेर रांगेत माणसं मरतायत. कोणालाही द्या, लष्कराला द्या, पण मोडू नका!"

"बाई, खाली बसा."

"माझ्या हाताने चालवलंय ते!"

"हिला बाहेर काढा."

तिला दोघांनी दंडाला धरून ओढत नेलं. तिची एक चप्पल फरशीवर राहिली. पहिल्या रांगेत परदेशी निरीक्षकांसाठी जागा होती. तिथे मादाम एलिसच्या जागी नवीन आलेला एक तरुण अधिकारी बसला होता. तो कागदावर काहीतरी लिहीत होता. आरडाओरडा ऐकून त्याने मान वर केली आणि शेजारच्या दुभाष्याला विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

दुभाष्या घड्याळाकडे बघत होता. "काही विशेष नाही," तो म्हणाला. "नातेवाईक असेल."

तरुणाने मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागला.

मित्रांनो, मला मोडायला अजून कोणी आलेलं नाही, पण येतील. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, कदाचित दूरच्या देशात तुम्हाला मोठ्या खुर्चीत बसवतील. तिथे एखादी बाई उठून ओरडली, तर ती काय म्हणाली हे विचारा. उत्तर मिळालं, की तिच्या मागे बाहेर जा आणि तिलाच पुन्हा विचारा.